माथेरानच्या बाजाराचा रस्ता

राजवाड्यांचा इतिहास लिहिणारे बखरकार आपल्याकडे पुष्कळ झाले. किल्ल्यांचे पोवाडे गाइले गेले. देवळांचीं माहात्म्यें रचलीं गेलीं. परंतु ज्या एका रस्त्यावरून सारा गांव रोज सकाळ-संध्याकाळ ये-जा करतो, ज्याच्या दोन्ही अंगांस वाण्याचें दुकान, शिंप्याचें यंत्र, न्हाव्याची खुर्ची आणि चहाचें हॉटेल एकमेकांस टेकून उभीं असतात, त्या रस्त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण उघड आहे. दुकानाची पाटी बदलते आणि जुनी पाटी सर्पणांत जाते. मालक मरतो, मुलगा निराळा धंदा काढतो, आणि पांच वर्षांनीं तेथें पूर्वी काय होतें हें शेजाऱ्यालाही आठवत नाहीं. असें असलें तरी गांवाच्या सुखदुःखाची खरी नोंद याच रस्त्यावर होत असते. कोण आला, कोण गेला, कोणाची भरभराट झाली आणि कोणाच्या पाठीवर ओझें पडलें, हें सारें तेथें वाचावयास मिळतें. मात्र वाचणाऱ्यानें पाट्यांबरोबर पाठीही पाहिल्या पाहिजेत.

असा एक रस्ता माथेरानचा आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर, झाडींत वसलेला हा लहानसा गांव. २०११ च्या जनगणनेंत त्याची वस्ती साडेचार हजारांच्याही आंतच भरली. या वस्तीच्या मानानें त्याची कीर्ति फार मोठी, आणि त्या कीर्तीचें एक कारण असें कीं येथील रस्त्यावर मोटार धावत नाहीं. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटारगाड्यांनीं दस्तुरी नाक्यावरच थांबावयाचें, आणि पुढची दोन-अडीच किलोमीटरांची वाट पायीं, घोड्यावर किंवा झुकझुक गाडीनें काटावयाची, असा येथला शिरस्ता आहे. त्यामुळें इतर गांवांच्या हमरस्त्यांचा इतिहास जसा एस्. टी. स्टँड आणि पेट्रोल पंप यांच्याभोंवतीं फिरतो, तसा माथेरानचा फिरत नाहीं. येथें मात्र एक गोष्ट आरशांत पाहावी तशी स्पष्ट दिसते: माणूस डोंगरावर चढून येतो कसा, यावरच बाजार काय विकतो आणि कोणाला पोसतो हें दर पिढीस ठरत आलेलें आहे.

इ. स. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशीं चौक येथें होता. हा मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. चौकच्या बाजूनें ते डोंगर चढून गेले आणि रामबागेच्या वाटेनें खालीं उतरले. वरची गार हवा आणि गर्द रान पाहून त्यांना ही जागा इतकी पसंत पडली कीं, त्याच वर्षीं ते पुन्हा तेथें गेले आणि पुढें त्यांनीं तेथें आपलें घरही बांधलें. या प्रसंगास माथेरानचा शोध असें म्हणण्याची वहिवाट पडली आहे. वस्तुतः ज्या वाटांनीं कलेक्टरसाहेब चढले-उतरले त्या वाटा कोणाच्या तरी पायांनीं पडलेल्याच होत्या. धनगरांचीं गुरें त्या रानांत चरत. ठाकूर आणि कातकरी तेथून मध, लाकूड, कंदमुळें नेत. पिसरनाथाचें ठाणें डोंगरावर होतेंच. माथ्यावरचें रान तें माथेरान, अशी नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, नांव मराठी माणसानें दिलेलें आहे, साहेबानें नव्हे. तेव्हां १८५० सालीं डोंगर सांपडला असें म्हणण्यापेक्षां डोंगराला गिऱ्हाईक सांपडलें, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

गिऱ्हाइकाच्या पाठोपाठ वाट आली. मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली आणि १८५६ पर्यंत लोखंडी रूळ नेरळवरून पुढें खोपोलीपर्यंत पोहोंचले. मधल्या काळांत, १८५५ सालीं, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं माथेरानास भेट दिली. त्यांच्या प्रोत्साहनानें नेरळहून वर येणारा रस्ता झाला आणि त्यांच्यासाठीं एल्फिन्स्टन लॉज ही वास्तु उभी राहिली. महाबळेश्वर मुंबईहून दूर. तेथें जावयाचें म्हणजे कित्येक दिवसांची तयारी. माथेरान मात्र आगगाडीनें नेरळ गांठलें कीं सात-आठ मैलांच्या चढणीवर. मुंबईच्या उकाड्यानें हैराण झालेल्या युरोपियन अंमलदारांना, व्यापाऱ्यांना आणि त्यांच्यामागून पारशी, बोहरी व गुजराती धनिकांना हें अंतर सोयीचें वाटलें. रानांत ठिकठिकाणीं बंगले उठूं लागले.

येथें या गांवाची एक मोठी मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. देशावरच्या कोणत्याही गांवांत आधीं वस्ती होते, मग तिच्यांत बाजार भरतो. माथेरानांत बंगले एकमेकांपासून दूर, झाडांच्या आड, कड्यांच्या टोकांकडे तोंड करून पसरले; कारण बंगलेवाल्यांस शेजार नको होता, देखावा हवा होता. आणि त्या सर्वांस लागणारी माणसें व माल मात्र डोंगराच्या मधल्या भागांत, नेरळहून येणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंस, एका ठिकाणीं गोळा झाला. तोच हा बाजाराचा रस्ता. बंगल्यांना नांवें होतीं, बागा होत्या. बाजारांतील घरांना समाईक भिंती होत्या. बंगल्यांत चार महिने वस्ती असे. बाजारांत निदान कांहीं माणसांना बारा महिने काढावे लागत. साहेबांच्या टेबलावरचा पाव, मटण आणि अंडीं याच रस्त्यानें जात, आणि साहेबांच्या घोडेवाल्याची मीठ-मिरची व तंबाखूही येथेंच मिळे. एकाच फळीवर दोन जगांचा माल मांडलेला असा हा बाजार होता.

घरांची बांधणी डोंगरानेंच ठरविली. पायाखालचा तांबडा जांभा दगड हा हाताशीं असलेला माल. म्हणून भिंती जांभ्याच्या. वर उतरतीं कौलारू छपरें, आणि पुढें लांकडी खांबांवर तोललेली ओसरी. वर्षाकांठीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या जागीं सपाट छप्पर म्हणजे मूर्खपणाच ठरला असता. पावसाळ्यापूर्वीं भिंतींना गवता-पेंढ्याचें आवरण बांधावें, दुकानाच्या फळ्या लावून घ्याव्या आणि नेरळची किंवा आपल्या मूळ गांवची वाट धरावी, असा पुष्कळ दुकानदारांचा क्रम असे. ऑक्टोबरांत फळ्या उघडत, नाताळापर्यंत थोडा धंदा होई, आणि मार्चपासून जूनच्या पहिल्या सरीपर्यंत खरा हंगाम चाले. या ओसऱ्यांचा उपयोग केवळ सावलीपुरता नव्हता. बंगल्यांत प्रवेश नसलेल्या शेंकडों माणसांची ती बसण्याउठण्याची, मजुरी ठरविण्याची आणि पाऊस अंगावर न घेतां वाट पाहण्याची जागा होती.

कारभारासाठीं सरकारनें सुपरिंटेंडेंट नेमला, आणि हा अधिकारी बहुधा वैद्यकीय पेशाचा असे. रान राखीव, जमीन सरकारी, घरासाठीं ठराविक प्लॉट भाडेपट्ट्यानें मिळावयाचा, आणि झाड तोडावयाचें झाल्यास परवानगी हवी, अशी ही व्यवस्था होती. तिचा जाच बाजारास झाला नाहीं असें नाहीं. मागील बाजूस एक खोली वाढविणें हेंही तेथें सोपें नसे. परंतु आज माथेरानांत जें रान उरलें आहे, त्याच्या मुळाशीं या कडक नियमांचा मोठा वांटा आहे, हेंही मान्य केलें पाहिजे. पुढें १९०५ सालीं नगरपालिका स्थापन झाली आणि दिवाबत्ती, पाणी, झाडलोट व बाजार यांचा कारभार तिच्याकडे आला. शार्लट तलावाचें पाणी, नगरपालिकेचें रुग्णालय, आणि सुधारक पत्रकार करसनदास मुळजी यांच्या नांवाचें वाचनालय, यांनीं या हंगामी छावणीस हळूहळू गांवाचें रूप दिलें.

या पहिल्या अर्ध्या शतकांत डोंगरावर आलेली प्रत्येक वस्तु कोणाच्या तरी डोक्यावरून, खांद्यावरून किंवा पाठीवरून आली. श्रीमंत माणूस पालखींत किंवा खुर्चींत बसे आणि हमाल ती वाहून नेत. ज्यास बसतां येई तो तट्टावर बसे. आणि त्याच्या ट्रंका, पलंग, पियानो, मद्याच्या पेट्या यांपैकीं जें जें हवें असेल तें माणसें चढवीत. बाजारांत ज्यांची उलाढाल दिसे त्यांत वाणी होता, खाटीक होता, शिंपी होता, कातड्याचें काम करणारा होता. परंतु या सर्वांच्या धंद्याला आधार होता तो ओसरीवर बसलेल्या हमालाचा आणि तट्टूवाल्याचा. त्याच्या नांवाची पाटी कोठेंच नव्हती.

मग आगगाडी आली. मुंबईचे धनाढ्य व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें हें काम अंगावर घेतलें. सर आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ सालीं बांधणीस आरंभ केला, आणि २२ मार्च १९०७ रोजीं नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारें वीस किलोमीटर लांबी, आणि खर्च त्या काळचे सुमारें १६ लाख रुपये. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं स्थानकें घेत, वळणांमागून वळणें टाकीत ही गाडी डोंगर चढूं लागली. तिच्यासाठीं ऑरेन्स्टीन अँड कॉपेल या जर्मन कारखान्यांतून खास इंजिनें आणविलीं होतीं. तीव्र वळणांवर त्यांचीं चाकें थोडीं सरकूं शकतील अशी त्यांत योजना होती. वाफेचीं हीं इंजिनें १९८२ पर्यंत कामावर होतीं.

स्टेशन बाजाराच्या रस्त्यालाच लागून झालें, आणि त्या एका गोष्टीनें रस्त्याचें तोंडच फिरलें. पूर्वी जो माणूस तट्टावरून उतरे तो थेट बंगल्याच्या आवारांत उतरे; बाजाराशीं त्याचा संबंध नोकरामार्फत. आतां प्रत्येक पाहुणा आधीं बाजारांत पाय ठेवूं लागला. ज्याचा बंगला नाहीं, ज्याचा बंगलेवाला स्नेहीही नाहीं, असा मुंबईचा कारकून, वकील, शिक्षक तिकीट काढून डोंगरावर येऊं लागला. त्याला उतरावयास खोली हवी, जेवावयास ताट हवें, आणि घरीं नेण्यास कांहींतरी खूण हवी. खाणावळी, लहान हॉटेलें, चहाचीं दुकानें यांना रस्त्यावर जागा झाली. चार महिन्यांचें सामान बांधून येणाऱ्या साहेबाऐवजीं चार दिवसांच्या वळकटीचा पाहुणा हें नवें गिऱ्हाईक झालें. माल स्वस्त झाला, कारण तो डब्यांतून येऊं लागला. आणि ज्या हमालानें आजवर तो वाहिला होता त्याला नेरळची चढण सोडून स्टेशनाच्या फलाटावर येऊन उभें राहावें लागलें. सुधारणेचा लाभ साऱ्या बाजारास झाला. तिची किंमत एकाच धंद्यानें भरली. ही गोष्ट विसरतां कामा नये, कारण पुढें तिची पुनरावृत्ति व्हावयाची होती.

या रस्त्यानें केवळ दुकानदारच निर्माण केले असें नाहीं. १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानांत, नाभिक समाजांतील एका गरीब कुटुंबांत, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. श्रीमंतांच्या करमणुकीसाठीं वसलेल्या गांवांत, त्यांच्या सेवेवर पोट भरणाऱ्या वर्गांत वाढलेला हा मुलगा शिकला, वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. पायथ्याच्या खेड्यांत सावकाराच्या कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या, खेडोपाडीं शाळा चालविल्या. १९४२ च्या लढ्यांत ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईच्या कारखान्यांकडे वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणलें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या जंगलांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. वरच्या बंगल्यांच्या आरामखुर्च्यांवरून माथेरानचा डोंगर पाहणाऱ्यास जें दिसत नव्हतें, तें बाजाराच्या बाजूनें पाहणाऱ्यास दिसलें. डोंगराच्या पायथ्याशीं कोण उपाशी आहे, हें त्यास ठाऊक होतें.

स्वातंत्र्यानंतर युरोपियन गिऱ्हाईक नाहींसें झालें. बाजाराच्या रस्त्यास महात्मा गांधींचें नांव मिळालें. १९५१ सालीं मध्य रेल्वे अस्तित्वांत आली आणि ही चिमुकली गाडीही तिच्या कारभारांत गेली. कित्येक बंगल्यांचीं हॉटेलें झालीं. नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटाररस्ता झाल्यावर तर हंगामाची जुनी कल्पनाच मोडली. शनिवारीं यावें आणि रविवारीं परतावें, इतकेंच नव्हे तर सकाळीं यावें आणि संध्याकाळीं परतावें, असा प्रवासी वाढला. ज्या पावसाळ्यांत पूर्वी दुकानांच्या फळ्या लागत, त्याच पावसाळ्यांत धुकें पाहण्यासाठीं तरुण मंडळी गर्दी करूं लागली.

मालही त्याप्रमाणें बदलला. एका दिवसाच्या पाहुण्यास मटण-पाव पुरविणें शक्य नसे. त्यास पिशवींत घालून नेतां येईल अशी वस्तु हवी. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, रानांतला मध, वेताच्या वस्तु, काठ्या आणि चामड्याच्या चपला यांनीं रस्त्याच्या दोन्ही बाजू व्यापल्या. यांपैकीं चपलांचा धंदा तर या भूमीशीं जुळलेलाच आहे. जेथें सर्वांना चालावें लागतें आणि पायाखालची तांबडी माती जोडे खाते, तेथें पादत्राणें करणारा कारागीर टिकून राहतो, यांत नवल नाहीं. चिक्कीचें लक्षण असें कीं ती नासत नाहीं, फुटत नाहीं आणि प्रत्येक खिशास परवडते. थोड्या वेळासाठीं येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या युगांत तीच राणी ठरावी हें क्रमप्राप्तच होतें. जांभ्याच्या भिंती पुष्कळ ठिकाणीं सिमेंटच्या झाल्या, ओसऱ्या दुकानांत घेतल्या गेल्या, आणि कौलांच्या जागीं पत्रे दिसूं लागले. रस्त्याची आंखणी मात्र बदलली नाहीं.

४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारबंदीची जुनी वहिवाट आतां कायद्याच्या आधारानें पक्की झाली. परंतु रस्त्याचें जिणें किती नाजूक धाग्यावर लोंबतें आहे, हें लवकरच कळलें. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत डोंगर खचले, रूळ वाहून गेले, आणि गाडी पुन्हा चालू होण्यास २००७ साल उजाडलें. २०१६ सालीं डबे घसरण्याच्या घटनांनंतर ती बंद झाली ती २०१७-१८ मध्यें टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. २०१९ च्या पावसानें पुन्हा मार्ग तोडला, आणि नेरळहून थेट माथेरानास गाडी पोहोंचावयास ऑक्टोबर २०२२ उजाडला. दरम्यान २०२० च्या महामारीनें बाजाराच्या फळ्या भर उन्हाळ्यांत लागल्या. ज्या गांवास शेत नाहीं, कारखाना नाहीं, त्याचें अन्न सारें पाहुण्याच्या पायांनीं येतें. ती वाट अडली कीं चूल अडते. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या मधल्या काळांत गांवची वस्ती वाढण्याऐवजीं घटली, ही गोष्ट या संदर्भांत विचार करण्यासारखी आहे.

आणि या सर्व काळांत, दस्तुरीपासून बाजारापर्यंत एक जुना आवाज चालूच राहिला: हातरिक्षाच्या घंटेचा. दोन चाकांच्या गाडींत माणूस बसवून पुढें एकानें ओढावयाची आणि चढणीवर मागून दुसऱ्यानें, प्रसंगीं तिसऱ्यानें ढकलावयाची, अशी ही रिक्षा. म्हातारीं माणसें, आजारी माणसें, अवघडलेल्या बाया यांस दुसरें साधन नव्हतें. आणि चैनीखातर बसणारेही पुष्कळ होते. परवानाधारक हातरिक्षांची संख्या शंभराच्याही आंतबाहेर, ९४ होती. पहिल्या अर्धशतकांतील पालखीचा हमाल आगगाडीनें दूर केला असें वाटलें होतें. वस्तुतः तो हातरिक्षाच्या दांड्यांमध्यें उभा होता.

यावर उपाय म्हणून विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी पुढें आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें मे २०२२ मध्यें प्रायोगिक तत्त्वावर अनुमति दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें सात ई-रिक्षा या रस्त्यावरून धावल्या. शाळेंत पायपीट करणाऱ्या मुलांस आणि वृद्धांस हायसें वाटलें. पण घोडेवाल्यांच्या मनांत धास्ती उभी राहिली. चारशेंहून अधिक घोडे या गांवांत आहेत, आणि एकेका घोड्यावर एक-एक संसार. आज सात रिक्षा, उद्यां सत्तर, आणि परवां मोटारी, अशी त्यांची शंका. पर्यावरणाची कळकळ बाळगणाऱ्या कांहीं मंडळींसही तीच भीति वाटली. रस्त्यावर मातीच्या भाजलेल्या ठोकळ्यांची फरसबंदी करावी कीं तांबडी माती तशीच ठेवावी, यावरही वाद झाला. एका बाजूचें म्हणणें, पावसानें माती वाहून जाते आणि उघड्या पडलेल्या दगडांवरून रिक्षा ओढणें हाल आहे. दुसऱ्या बाजूचें म्हणणें, फरसबंदीवर घोड्याची टाप घसरते आणि एकदां रस्ता पक्का झाला कीं मोटारीस आमंत्रण मिळतें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, म्हणूनच वाद चिघळला.

ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला. स्वातंत्र्यास आणि संविधानास इतकीं वर्षें झाल्यावरही माणसानें माणसाला ओढावें ही प्रथा माणुसकीस सोडून आहे, असें सांगून सहा महिन्यांच्या आंत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश न्यायालयानें दिला; ओढणाऱ्यांस ई-रिक्षा भाड्यानें देण्याची योजना राज्य सरकारनें आंखावी आणि पैशांची सबब सांगूं नये, असेंही बजावलें. फरसबंदी दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यापुरती ठेवावी, आंतल्या वाटांवर करूं नये, अशी मर्यादा घातली.

या निर्णयाचें ऐतिहासिक महत्त्व कशांत आहे, तें नीट पाहिलें पाहिजे. १९०७ सालीं गाडी आली तेव्हां हमालाचें काय होणार, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. भांडवल पीरभॉयांचें, सोय पाहुण्यांची, नफा बाजाराचा. हमालानें आपलें पाहावें, अशी तेव्हांची रीत होती. शंभराहून अधिक वर्षांनीं तोच प्रसंग पुन्हा आला, तेव्हां मात्र नवें चाक कोणाच्या हातीं द्यावयाचें याचें उत्तर चाक येण्याबरोबरच दिलें गेलें: ज्यानें जुनें चाक ओढलें त्याच्या हातीं. हें उत्तर पूर्ण नाहीं. घोडेवाल्याचा प्रश्न त्यांत सुटलेला नाहीं. हातगाडीवर गॅसच्या टाक्या आणि डोक्यावर सिमेंटच्या गोणी नेणाऱ्या मजुराचाही नाहीं. कागदावरील आदेश आणि रस्त्यावरील वहिवाट यांत अंतर किती पडतें, हें आपल्या देशांत नव्यानें सांगावयास नको. तरी पण प्रश्न विचारला गेला, आणि तो देशांतील सर्वांत वरच्या न्यायासनानें विचारला, ही गोष्ट लहान नव्हे.

जुन्या इमारती जतन कराव्या असा आग्रह हल्लीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतो, आणि तो योग्यच आहे. माथेरानचीं जांभ्याचीं घरें, लांकडी ओसऱ्या, छोटें स्टेशन हीं जपलींच पाहिजेत. पण केवळ तेवढें जपून रस्ता जपला असें होत नाहीं. ज्या रस्त्यावर चपला शिवणारा हात, चिक्की थापणारा हात आणि लगाम धरणारा हात रोजगारावांचून राहतील, तो रस्ता चित्रांत सुंदर दिसेल आणि प्रत्यक्षांत ओस पडेल. उलट रोजगाराच्या नांवाखालीं रान तोडून मोटारी आणल्या, तर ज्या शांततेसाठीं गिऱ्हाईक डोंगर चढतें तीच नाहींशी होईल, आणि मग चिक्की घेण्यासाठीं माथेरानापर्यंत येण्याचें कोणास कारण उरणार नाहीं. रान राखणें आणि राबणाऱ्यास राखणें हीं या गांवापुढें दोन निरनिराळीं कामें नाहींत. एकावांचून दुसरें टिकणार नाहीं, हा या दीडपावणेदोनशें वर्षांच्या रस्त्यानें शिकविलेला धडा आहे. आणि लहान गांवांच्या मोठ्या रस्त्यांविषयीं जे जे निर्णय करावयाचे असतील, ते करणाऱ्यांनीं तो ध्यानांत ठेवावा इतका मोलाचा आहे.